आवरलेला सूर

१९३८ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘स्ट्रीट सिंगर’ हा चित्रपट पडद्यावर आणला. त्यातल्या एका प्रसंगात नायक गळ्यात पेटी अडकवून रस्त्याने चालत चालत गातो. पार्श्वगायनाची युक्ती तोवर चांगली रुळली होती; तीन वर्षांपूर्वी याच संस्थेने ‘धूप छाँव’ या चित्रपटात ती वापरून दाखवली होती. गाणे आधी बंद खोलीत ध्वनिमुद्रित करावे आणि कॅमेऱ्यापुढे नुसते ओठ हलवावेत, यात नटाची सोय होती आणि तंत्रज्ञांचीही. नायकाची भूमिका करणाऱ्या कुंदनलाल सैगल यांनी या एका गाण्यासाठी मात्र ती सोय नाकारली. ते चित्रीकरणाच्या वेळी प्रत्यक्ष चालत गायले. वादक आणि मायक्रोफोन कॅमेऱ्याच्या नजरेआड राहून त्यांच्या पावलांबरोबर पुढे सरकत राहिले.

ते गाणे म्हणजे ‘बाबुल मोरा’ ही भैरवीतली ठुमरी. अवधचा अखेरचा नवाब वाजिद अली शाह याच्या नावाने ती ओळखली जाते. १८५६ मध्ये इंग्रजांनी त्याचे राज्य खालसा केले आणि लखनौ सोडून तो कलकत्त्याच्या मटियाबुर्ज भागात येऊन राहिला. माहेर सुटणाऱ्या मुलीच्या शब्दांत त्याने आपले सुटलेले शहर सांगितले, असे जाणकार मानतात. त्याच कलकत्त्यात, ऐंशी वर्षांनंतर, जम्मूकडून आलेल्या एका गायकाच्या वाट्याला ती रचना आली.

ठुमरी हा मुळातच विस्ताराचा प्रकार. एकेक बोल दहा अंगांनी फिरवावा, एकाच ओळीतून विरह, लाडिक तक्रार, हताशा असे निरनिराळे भाव काढून दाखवावेत आणि श्रोत्यांनी प्रत्येक वळणाला दाद द्यावी, अशी तिची रीत. मैफलीत एक ठुमरी अर्धा तास सहज चालते. सैगल यांच्या हाती होती ती जेमतेम चार-पाच मिनिटे, आणि तीही चालत्या पायांची. चालणाऱ्या माणसाला दमसासाची लांबलचक तान घेता येत नाही. त्याचा श्वास पावलांनी मोजला जातो. जो गायक आपल्या गळ्याची करामत दाखवायला आतुर आहे, त्याने बंद खोलीच पसंत केली असती. सैगल यांनी अडचण पत्करली आणि त्या अडचणीतून गाण्याला एक साधेपणा मिळवून दिला. सूर जागच्या जागी लागतो, क्षणभर थरथरतो, एखादी बारीक मुरकी पापणी लवावी तशी येऊन जाते आणि शब्द पुढे चालू लागतो. त्या ठुमरीचे मैफलीतले थोर आविष्कार पुष्कळ आहेत. तरी तिचे नाव काढताच सर्वसामान्य माणसाच्या कानात आजही तो चालणारा आवाजच उमटतो.

या निवडीचे मोल कळायचे, तर त्याआधी लोकांच्या आवडीचे गाणे कसे होते ते ध्यानात घ्यायला हवे. विसाव्या शतकाच्या आरंभी लोकप्रिय गाण्याचे घर म्हणजे नाटकगृह. पारशी नाटकमंडळ्या असोत की आपली संगीत रंगभूमी, गायकनटाला ध्वनिक्षेपकाशिवाय गावे लागे. शेवटच्या बाकावरच्या, कमी पैशांचे तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकापर्यंत आवाज पोचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य. उंच पट्टी, ठसठशीत फेक, दाणेदार तान यांची तिथे गरजच होती. त्या गरजेतून हळूहळू अभिरुची तयार झाली. तान संपली की टाळी, टाळी पडली की ‘वन्स मोअर’, आणि ‘वन्स मोअर’ मिळाला की त्याच पदाला नवा साज. मराठी नाटके रात्र रात्र रंगत, त्याला हेही एक कारण होते. ध्वनिमुद्रणाची तऱ्हा काही निराळी नव्हती. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरले, तेव्हापासून पंचवीसेक वर्षे गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून खणखणीत आवाजात गावे लागत होते. हळू गाणाऱ्याची तिथे रेघही उमटली नसती.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ने बोलपटाचा आरंभ केला आणि रंगभूमीचे हे सारे गाणे एकदम पडद्यावर आले. पुढच्याच वर्षीच्या ‘इंद्रसभा’मध्ये सत्तरच्या आसपास गाणी होती. नट नाटकातले, आवाज नाटकातला, हातवारे नाटकातले. फक्त समोरचे प्रेक्षक नाहीसे झाले होते आणि त्यांच्या जागी हातभर अंतरावर एक मायक्रोफोन टांगलेला होता. हा मायक्रोफोन फार नाजूक कानाचा होता. कुजबूज त्याला ऐकू येई, श्वास ऐकू येई आणि ओरडून गायलेले तो निर्दयपणे कर्कश करून परत देई. त्याच सुमारास दूर अमेरिकेत बिंग क्रॉस्बी या गायकाने या यंत्राचा स्वभाव ओळखून कानाशी बोलावे तसे गायला सुरुवात केली होती. हिंदुस्थानात ती ओळख सर्वांत आधी आणि सर्वांत खोलवर पटली ती सैगल यांना.

त्यांचा जन्म एप्रिल १९०४ मधला, जम्मूचा. वडील अमरचंद काश्मीर संस्थानात तहसीलदार. गाण्याची ओढ आली ती आईकडून. ती धार्मिक वृत्तीची. भजन-कीर्तनाला जाताना मुलाला बरोबर नेई. रामलीलेत हा मुलगा सीतेचे काम करी. वडिलांना हा नाद फारसा मानवत नव्हता. शाळा लवकर सुटली आणि पोटासाठी हिंडणे सुरू झाले. रेल्वेत टाइमकीपरची नोकरी झाली, मग रेमिंग्टन कंपनीचे टाइपरायटर विकण्यासाठी गावोगाव फिरणे झाले. कोणत्याही उस्तादापुढे गंडा बांधून रीतसर तालीम घेतल्याची नोंद नाही. जे आले ते देवळात, दर्ग्यात, मित्रांच्या बैठकीत कानांवर पडलेले. घराण्याची शिस्त नाही, तशीच घराण्याची मिरवण्याची सवयही नाही. टाइपरायटर विकणाऱ्या माणसाला समोरच्याशी दोन पावलांच्या अंतरावरून बोलावे लागते. सैगल यांच्या गाण्यातली जवळीक त्या धंद्यातून आली असे म्हणणे धाडसाचे होईल, पण तसा मोह मात्र होतो.

संगीतकार हरिश्चंद्र बाली यांच्या ओळखीने ते कलकत्त्याला रायचंद बोराल यांच्यापर्यंत पोचले आणि बी. एन. सरकार यांच्या न्यू थिएटर्समध्ये दाखल झाले. १९३२ मधले त्यांचे पहिले तीन चित्रपट ‘सैगल काश्मीरी’ या नावाने आले आणि गेले. १९३३ मध्ये ‘पूरन भगत’मधली भजने गाजली. त्याच वर्षीच्या ‘यहूदी की लडकी’मध्ये त्यांनी गालिबची गझल गायली आणि तेव्हापासून गझल ही जणू त्यांचीच झाली. तोवर गझल गाताना शेर हे तानांचे निमित्त असे. सैगल यांनी शेराला शेर म्हणून मांडले. दोन ओळींमधला विराम, रदीफ येण्याआधीची किंचित ओढ, उर्दू शब्दांचे स्वच्छ उच्चार एवढ्यावर ते थांबत. साथीला पेटी आणि तबला, पुष्कळदा पेटी त्यांच्याच हाती. हिंदुस्थान रेकॉर्ड्सच्या तबकड्यांवरची त्यांची गालिबची गाणी ऐकताना असे वाटते, की हा माणूस आपल्याला कविता समजावून सांगत नाही; ती त्याला नुकतीच समजली आहे आणि तो ती स्वतःशी पुन्हा म्हणतो आहे.

श्रेय एकट्या सैगल यांचे नाही, हेही सांगितले पाहिजे. बोराल, पंकज मलिक आणि तिमिर बरन या संगीतकारांनी न्यू थिएटर्समध्ये पियानो, व्हायोलिन, सरोद यांना मागे पण हजर ठेवण्याची कला साधली होती. वाद्यांनी गायकाशी स्पर्धा करायची नाही आणि गायकाने शब्दाशी. ही शिस्त एका माणसाची नव्हती, एका संस्थेची होती.

१९३५ मध्ये प्रमथेश बरुआ यांच्या हिंदी ‘देवदास’मध्ये सैगल नायक झाले आणि देशभर त्यांचे नाव झाले. या चित्रपटातल्या एका ठुमरीची कथा मराठी वाचकाच्या विशेष जिव्हाळ्याची. मिरजेत स्थायिक झालेले किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी त्या काळी तबकडीवरून घरोघर पोचली होती. सैगल यांनी तीच ठुमरी देवदासच्या तोंडी गायली. खाँसाहेब स्वतः सुराचे उपासक. तयारीचे प्रदर्शन करण्यापेक्षा एका स्वरावर रेंगाळून तो श्रोत्याच्या काळजात उतरवण्याकडे त्यांचा कल. त्यांच्या ठुमरीची नक्कल करायची तर त्यांच्या हरकतींची नक्कल करणे हा सोपा मार्ग होता, आणि अनेकांनी तो धरलाही. सैगल यांनी हरकती बहुतेक सोडून दिल्या आणि व्याकुळता तेवढी घेतली. पडद्यावरचा माणूस मद्यात बुडालेला, उद्ध्वस्त. असा माणूस घराण्याची गायकी कशी गाईल? तो गुणगुणेल, अडखळेल, अर्ध्यावर सोडून देईल. सैगल यांनी तसे केले. चित्रपट पाहून खाँसाहेबांनी या तरुणाचे कौतुक केल्याची आख्यायिका गायकांच्या वर्तुळात सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, दोघांच्या तबकड्या एकापाठोपाठ ऐकणाऱ्याला ती पटते.

हेच वर्ष बालगंधर्वांच्या आयुष्यातही महत्त्वाचे होते. प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. बालगंधर्वांचे गाणे उथळ प्रदर्शनाचे होते असे कोणी म्हणणार नाही. शब्दाला भावाचा रंग द्यावा तो त्यांनीच. पण ते गाणे समोर बसलेल्या माणसांबरोबर वाढत असे, त्यांच्या दादेवर फुलत असे. स्टुडिओत दाद नव्हती. ‘वन्स मोअर’ तर नव्हताच. पुन्हा गावे लागे ते कॅमेरा अडखळला म्हणून. प्रभातशी त्यांचा संबंध त्या एका चित्रपटापुरताच राहिला. सैगल यांना मात्र त्या मुक्या खोलीचा जाच झाला नाही. टाळीची सवयच नसल्यामुळे तिच्यावाचून त्यांचे काही अडले नाही.

बंगालीत गाताना त्यांना आणखी एका शिस्तीची ओळख झाली. रवींद्रनाथ ठाकूर आपल्या गीतांच्या बाबतीत अतिशय काटेकोर होते. गायकाने आपल्या मनच्या ताना त्यांत घालाव्यात हे त्यांना मान्य नव्हते. दिलीपकुमार रॉय यांच्यासारख्या विद्वान गायकाशी याच प्रश्नावर त्यांचा दीर्घ वाद झाला होता. गायकाला स्वातंत्र्य हवे ही रॉय यांची बाजू काही दुबळी नव्हती. हिंदुस्थानी संगीत सारे त्या स्वातंत्र्यावरच उभे आहे. पण रवींद्रनाथांच्या लेखी गीत हे पूर्ण घडवलेले शिल्प होते, त्यावर कोणी आणखी छिन्नी चालवायची नाही. अशा कवीने बंगाली मातृभाषा नसलेल्या सैगल यांना आपली गीते गाण्याची संमती दिली. १९३९ च्या ‘जीवन मरण’ या बंगाली चित्रपटात ती ऐकू येतात. पंजाबी वळणाच्या जिभेने बंगाली स्वरांना किती मायेने सांभाळले आहे, हे कलकत्त्याचे जुने रसिक आवर्जून सांगत.

१९४० मध्ये ‘जिंदगी’ या चित्रपटासाठी पंकज मलिक यांनी एक अंगाईगीत बांधले, ‘सो जा राजकुमारी’. अंगाई ही गायकाची अवघड परीक्षा आहे. इथे तानबाजी केली तर मूल जागे होईल! दाद मिळणार नाही हे गृहीत धरूनच अंगाई गायची असते. ऐकणारा झोपला म्हणजे गाणे साधले. सैगल यांनी ते इतक्या हलक्या आवाजात गायले आहे, की शेवटी शेवटी गायकच पावलांचा आवाज न करता खोलीबाहेर निघून गेल्यासारखा भास होतो. पुरुषाच्या आवाजातली अंगाई तोवर चित्रपटांत नवलाचीच होती.

मराठीत हातचे राखून काम करणे हा दोष मानला जातो. सैगल यांच्या गाण्याला तो शब्द लावावासा वाटला तर थोडे थांबले पाहिजे. हातचे राखणाऱ्याजवळ देण्याची इच्छा कमी असते. सैगल यांनी राखले ते दागिने. गाणे सगळेच्या सगळे दिले. मात्र ज्याच्याजवळ दागिने नाहीतच, त्याच्या साधेपणाचे कौतुक कसले, असाही प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे मुंबईत मिळाले.

तत्पूर्वी लाहोरची एक हकिकत. ही बहुधा महंमद रफी यांच्या चरित्रात येते. १९३७ च्या सुमारास लाहोरात सैगल यांचा जलसा होता. गर्दी अफाट. ऐन वेळी वीज गेली, ध्वनिक्षेपक बंद पडला आणि सैगल यांनी गायला नकार दिला. लोक बिथरले. तेव्हा तेरा वर्षांच्या एका मुलाला मंचावर उभे केले. त्याने कोणत्याही यंत्राशिवाय अशा खड्या आवाजात गाणे म्हटले की जमाव शांत झाला. तो मुलगा म्हणजे रफी. ही हकिकत नेहमी रफींच्या थोरवीसाठी सांगतात, आणि ते योग्यच आहे. परंतु सैगल यांचा नकारही तितकाच बोलका आहे. त्या जमावापुढे यंत्राशिवाय गायचे तर त्यांना ओरडावे लागले असते, आणि ओरडून गायलेले ते गाणे सैगलचे राहिले नसते. यात गायकाचा कमकुवतपणा पाहणारे पाहोत. त्यांच्या गळ्याला खरोखरच ती मर्यादा होती. मायक्रोफोनवर ज्याने सारे गाणे उभारले, त्याला मायक्रोफोन बंद पडल्यावर गप्प बसावे लागते. हजारोंचा हिरमोड झाला, हेही विसरता येत नाही. त्या एका संध्याकाळी लोकप्रिय गाण्याचे दोन्ही मार्ग एकाच मंचावर येऊन गेले.

१९४१ च्या अखेरीस सैगल मुंबईला रणजित मूव्हीटोनमध्ये आले. ‘भक्त सूरदास’ (१९४२) चालला आणि मग ‘तानसेन’ (१९४३) आला. तानसेन म्हणजे दंतकथेतला सर्वांत मोठा चमत्कारी गवई. त्याच्या गाण्याने दिवे पेटतात, अंगाचा दाह होतो, मेघ बरसतात. गायनाने काहीतरी करून दाखवणे हाच त्या कथेचा विषय. संगीतकार खेमचंद प्रकाश यांनी धृपदाच्या वळणाच्या, मध्यम आणि द्रुत लयीच्या अशा परोपरीच्या चाली दिल्या. सैगल यांनी त्या लीलया पेलल्या. रीतसर तालीम नसलेल्या या गळ्यात केवढी ताकद दडली होती ते या चित्रपटात कळते. आणि तरीही ‘दिया जलाओ’ या दीपक रागाच्या प्रसंगी, जिथे दुसऱ्या कोणीही गर्जना केली असती, तिथे सैगल आरंभ करतात तो आत वळलेल्या, दबलेल्या सुरात. लय चढत जाते, आवाज चढत जातो, पण तो फुटत नाही. पडद्यावर दिवे एकामागून एक उजळतात आणि गायकाच्या चेहऱ्यावर विजयाऐवजी वेदना दिसते. बादशहाच्या दरबारातही त्यांनी तानसेनाला जिंकू दिले नाही, जळू दिले.

ज्या माणसाने सुराला इतके आवरले, त्याला स्वतःला आवरता आले नाही. मद्याचे व्यसन कलकत्त्यातच जडले होते, मुंबईत ते वाढले. प्रकृती ढासळली, चित्रीकरणाच्या तारखा लांबू लागल्या. मद्य घेतल्याशिवाय आपला आवाज लागत नाही, असा त्यांचा ठाम समज होऊन बसला होता. १९४६ च्या ‘शाहजहाँ’चे संगीतकार नौशाद पुढे एक प्रसंग सांगत असत. एक गाणे त्यांनी सैगल यांच्याकडून दोनदा गाऊन घेतले, एकदा मद्य घेण्यापूर्वी आणि एकदा घेतल्यानंतर. नंतर दोन्ही मुद्रणे, कोणते कुठले हे न सांगता, त्यांना ऐकवली. सैगल यांनी जे उत्तम म्हणून निवडले ते मद्यावाचून गायलेले होते. आपण आजवर उगाच एका खोट्या आधाराला धरून बसलो, हे त्यांच्या ध्यानात आले. पण फार उशीर झाला होता. तो चित्रपट आणखी एका कारणासाठी लक्षात राहतो. त्यातल्या एका गाण्यात, समूहातून पुढे येऊन, तरुण महंमद रफी यांनी सैगल यांच्यामागे काही ओळी गायल्या आहेत. लाहोरचा तो मुलगा आता त्यांच्या शेजारच्या मायक्रोफोनपाशी पोचला होता.

१८ जानेवारी १९४७ रोजी जालंधर येथे सैगल वारले. वय अवघे ४२. ‘परवाना’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट त्यानंतर प्रदर्शित झाला. कारकीर्द जेमतेम पंधरा वर्षांची आणि गाणी सारी मिळून दोनशेच्या आतच.

मुंबईत त्या दिवसांत लता मंगेशकर यांनी पै पै साठवून घरात पहिला रेडिओ आणला होता. तो लावताच पहिली बातमी ऐकू आली ती सैगल गेल्याची. त्यांनी रेडिओ दुकानदाराला परत करून टाकला, ही आठवण त्या आयुष्यभर सांगत राहिल्या. या आठवणीमागे आणखी एक आहे. त्यांचे वडील मास्टर दीनानाथ हे मराठी रंगभूमीवरचे सर्वांत तेजस्वी, आक्रमक गायकीचे नट. विजेसारखी तान, अनपेक्षित झेप, श्रोत्याला दिपवून टाकणारी फिरत हे त्यांचे वैभव. चित्रपटसंगीत त्यांना रुचत नसे आणि घरात मुलांनी ते गाऊ नये अशी त्यांची शिस्त होती. तिला अपवाद एकच, सैगल. सैगल यांच्या गाण्यांना त्या घरात मज्जाव नव्हता. दिपवण्याची कला ज्याच्या हाती पुरेपूर होती त्या गायकाने, न दिपवणाऱ्याला आपल्या मुलांच्या कानांजवळ येऊ दिले. लताबाईंच्या गाण्यात या दोन्ही वारशांचा हिशेब शोधत बसण्याचा छंद पुष्कळांना आहे. तो न संपणारा आहे.

सैगल यांच्यानंतर त्यांच्या नकला करणाऱ्यांचे पीकच आले. मुकेश यांचे १९४५ मधले ‘पहली नजर’मधले गाणे सैगल यांचेच आहे असे अनेकांना वाटले, किशोरकुमार यांनीही आरंभी त्यांचीच री ओढली. हे दोघेही लवकरच आपापल्या वाटेने गेले, हे त्यांचे शहाणपण. बाकीच्यांनी मात्र नाकातला किंचित सानुनासिक स्वर उचलला, शब्दाच्या शेवटी येणारा कंप उचलला, रडवेलेपणा त्यात भरपूर घातला आणि त्यालाच सैगल समजले. गॅदरिंगमध्ये सैगलची नक्कल हा हमखास हशा पिकवणारा कार्यक्रम होऊन बसला. जे गाणे मिरवण्याच्या विरुद्ध उभे राहिले होते, त्याच्याच लकबी मिरवल्या जाऊ लागल्या. मूळ तबकडी लावली की मात्र हशा विरून जाई, कारण नक्कल करणारा जिथे तीनदा थरथरतो तिथे सैगल बहुधा एकदाही थरथरलेले नसतात.

त्यांचा आवाज घरोघर टिकवून ठेवला तो रेडिओ सिलोनने. सकाळी साडेसात ते आठ जुन्या चित्रपटांतली गाणी लागत आणि त्यांतले शेवटचे गाणे सैगल यांचे असे. हा रिवाज वर्षानुवर्षे चालला. इंदूर असो, हैदराबाद असो की पुणे, अनेक घरांत सकाळच्या धांदलीचे घड्याळ तेच होते. चुलीवर भाकरी किंवा पोळी, आरशापुढे वेणी, डब्याचे झाकण लागत नाही म्हणून आरडाओरडा, आणि त्या सगळ्याच्या खालून वाहणारा तो न ओरडणारा आवाज. गाणे संपले की आठ वाजत आणि मुले दप्तर उचलून शाळेच्या वाटेला लागत.